आखूड काठी

आप्पा घरात आहेत की नाहीत हे आमच्या क्वार्टरमध्ये आवाजावरून कळायचं. असले की कानस चालायची, नाहीतर रेडिओ, नाहीतर आईशी मिठावरून हुज्जत. माझे वडील सोलापूरच्या लोकोशेडमध्ये फिटर होते, आणि स्टेशनामागच्या त्या साऱ्या ओळींत त्यांच्याइतका बडबड्या माणूस दुसरा नव्हता. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते अंथरुणातूनच भोंग्याला शिव्या घालायचे, आणि शेडमधून परतताना वाटेत इतक्या जणांशी बोलत उभे राहायचे की आईची आमटी पुन्हा पुन्हा गरम व्हायची. असा माणूस एका हिवाळ्यात गप्प झाला. इंजिनाचा एक जड दांडा वर चढवताना साखळी सरकली आणि त्यांच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. अंगठा राहिला, करंगळी राहिली, तिच्या शेजारचं बोट राहिलं. दवाखान्यातून आले तेव्हा हाताला हे एवढं बँडेज होतं, आणि आम्हाला वाटलं, ते सुटलं की सगळं पहिल्यासारखं होईल. बँडेज सुटलं, पण आप्पा बोलेनात.

रेल्वेनं त्यांना हलकं काम दिलं. शेडच्या दारात स्टुलावर बसायचं, कामावर येणाऱ्याला त्याचा पितळी बिल्ला काढून द्यायचा आणि सुटताना परत घ्यायचा. ज्या पोरांना त्यांनी पाना धरायला शिकवलं होतं, ती पोरं त्यांच्यापुढं हात करून बिल्ला घ्यायची आणि नजर चुकवून आत जायची. घरी आले की आप्पा खाटेवर बसत, तो हात मांडीखाली घालून. आईनं एकदा मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. आप्पा गुमान जेवले आणि ताट सारून उठले. आई त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते, मला त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. उलट घर शांत झालं, अभ्यासाला बरं, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला असेल.

आई अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण घाबरली किंवा फार चिडली की तिच्या तोंडून कानडी यायचं. उखळात शेंगाची चटणी कांडताना तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. मुसळ खाली ठेवून, दाराकडं बघून, अगदी हळू. "सुमे, तुज्या बापाच्या मनात काय तरी हाय."

"काय हाय?"

"ट्रंकेची किल्ली दिली मला. लगीन झाल्यापास्नं कदी दिली न्हवती. मी मागितली बी न्हवती." मग ती एकेक सांगत गेली. स्टोव्ह दुरुस्त करून ठेवला. घरातल्या साऱ्या विळ्या-सुऱ्यांना धार लावून दिली. चांगला कोट चुलत्याला देऊन टाकला. संध्याकाळी मद्रास मेल जाते तेव्हा रुळाच्या कडेला जाऊन उभे राहतात, गाडी गेली की परत येतात. "मानूस घर झाडून ठिवतंया, सुमे. गावाला जायच्या आदी ठिवत्यात तसं." एवढं बोलून तिनं पुन्हा मुसळ उचललं. चटणी त्या दिवशी इतकी बारीक कांडली गेली की तेल सुटून गोळा झाला, आणि मी ती भाकरीबरोबर खाल्लीसुद्धा, कारण त्या वयात पोटाला काही कळत नाही.

मासे धरण्याचा नाद आप्पांना जुनाच होता. सुटीच्या दिवशी सायकलवर लांब बांबूची काठी बांधून ते हिप्परग्याच्या तळ्यावर जायचे. गळाला बेडकी लावायची, काठावर उभं राहून पाणगवताच्या कडेला सोडायची आणि मरळ येईपर्यंत कुणाशी तरी गप्पा मारायच्या. मरळ हा मासा गवताच्या सावलीत दबा धरून बसतो आणि समोरून काही हललं की झडप घालतो. अपघातानंतर ते एकदाच गेले. लांब काठी पेलायला दोन्ही हातांची पकड लागते. ती हातातून निसटली, पाण्यात पडली, आणि दुसऱ्याच कुणीतरी ती काढून दिली. घरी येऊन आप्पांनी काठीचे तुकडे केले आणि बंबात घातले. आई म्हणाली, "बरं झालं, त्या पान्याकडं जानं तरी सुटलं." ते काही सुटायचं नव्हतं.

पावसाळ्यात मॉरिस साहेबांचा निरोप आला. हे आमच्याकडचे जुने मेल ड्रायव्हर, रिटायर झालेले, अँग्लो-इंडियन. बायको गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. तिच्याकडं कायमचं जायचं ठरलं होतं आणि घरातल्या वस्तू ते एकेकाला वाटत होते. आप्पांना त्यांनी मासे धरायचं सामान बघायला बोलावलं. आई म्हणाली, मी पण येते. शेंगाच्या पोळ्या करून डब्यात घातल्या, साहेब जाणार म्हणून, पण ती पोळ्या द्यायला येत नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला बघायचं होतं की हा माणूस काय उचलतो.

साहेबांनी व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर तीन काठ्या मांडून ठेवल्या होत्या. एक बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेली, लांब आणि लवचिक. दुसरी काचतंतूची, तीही लांब, हिरवी. तिसरी आखूड, जेमतेम माझ्या उंचीची, टणक, मुठीखाली बोट अडकवायला आकडा असलेली. शेजारी स्टुलावर दोन रिळं. एकावर दोरा उघडा गुंडाळलेला, वर तारेची कमान. दुसरं बंद, आडवं, ढोलकीसारखं, बाजूला दोन मुठींचा दांडा. आणि एका पत्र्याच्या डब्यात रंगवलेले लाकडी मासे, पोटाखाली तिहेरी गळ, तोंडाला पत्र्याची जीभ. तो डबा बघून आप्पा अपघातानंतर पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "ह्यो लाकडाचा मासा मरळ खाती व्हय, सायेब?"

"खाती नहीं, मिस्त्री. गुस्से में मारती है," साहेब म्हणाले. मग त्यांनी आखूड काठी हातात घेऊन मनगटाला दोन हिसके दिले. हिसका, हिसका, आणि मग थांबायचं. काहीही करायचं नाही. लाकडी मासा पाण्यात नुसता लटकत राहतो, जखमी असल्यासारखा, आणि मरळीला ते बघवत नाही. "खींचने में नहीं आती. रुकने में आती है. जितना रुकेगा, उतना बड़ा आएगा." आप्पा ऐकत होते आणि आई आप्पांच्या तोंडाकडं बघत होती.

लांब काठी आप्पांनी आधी उचलली. उघड्या रिळाचा दोरा फेकायच्या आधी अंगठ्याशेजारच्या बोटावर धरून ठेवावा लागतो आणि नेमक्या क्षणी सोडावा लागतो. साहेब हे दाखवायला गेले आणि मध्येच थांबले. आप्पांनी तरी करून बघितलं. करंगळीशेजारच्या बोटानं दोरा ओढून धरायला गेले, तो घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला. साहेबांची म्हातारी कोंबडी व्हरांड्याखाली कुरकुरत होती. मग आप्पांनी ते रीळ खाली ठेवून ढोलकीसारखं उचललं. त्यात दोरा बोटानं धरायचा नसतो, फिरणाऱ्या ढोलावर अंगठा टेकवून आवरायचा असतो. त्यांनी अंगठा टेकवला, सैल केला, टेकवला. "आंगठा हाय की माजा," ते म्हणाले.

ते रीळ त्या आखूड काठीवरच बसणारं. तरी आई बोलली. परक्या पुरुषासमोर ती सहसा बोलत नसे, पण बोलली. "लांबवाली घ्या की वो. काठावर हुबं ऱ्हाऊन टाकता ईल."

साहेबांनी मान हलवली. त्यांना वाटलं, बाई मासेमारीचं बोलते आहे. "ठीक बोलती है. ये छोटी लेगा तो पानी में उतरना पड़ेगा, मिस्त्री. घास के बाहर जाना पड़ेगा, कमर तक, छाती तक. किनारे से नहीं होगा." लांब काठीनं लाकडी मासा गवतावरून उचलून आणता येतो. आखुडीनं तो गवतात अडकतो, म्हणून माणसानंच गवताच्या पलीकडं जायचं.

"उतरंन की," आप्पा म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की मला बरं वाटलं. आईनं पोळ्यांचा डबा खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरून चालू लागली. आम्ही काठी, रीळ आणि लाकडी माशांचा डबा घेऊन तिच्या मागं गेलो.

आता पुण्यात माझ्या जावयाला हाच नाद आहे. महागडी रिळं मागवतो, टेबलावर मांडतो आणि मला चिडवतो, "आई, तुम्ही सांगा, कुठलं घेऊ?" त्याला वाटतं मला त्यातलं काय कळणार. मी त्याला दर वेळी एकच विचारते, तू कुठं उभा राहणार आहेस? काठावर, होडीत, की पाण्यात? तो हसतो आणि म्हणतो, मासा कुठला ते आधी विचारतात. विचारत असतील. मी तरी काठीकडं बघितलं की आधी माणसाचे पाय बघते. आणि खरं सांगायचं तर आप्पांनी ती काठी हातामुळं निवडली की मनातल्या त्या गोष्टीमुळं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही कारणं त्यांना त्याच काठीकडं नेत होती, आणि तीच मला भीती वाटणारी गोष्ट आहे.

मग घरात पुन्हा आवाज सुरू झाले. रेल्वेच्या मैदानावर आप्पा काठीला शिशाचा तुकडा बांधून फेकायचा सराव करत. अंगठा जरा उशिरा टेकला की ढोल वेड्यासारखा फिरायचा आणि दोऱ्याचा असा गुंता व्हायचा की कावळ्याचं घरटं बरं. ते गुंते आई आणि मी दाभणानं सोडवत बसायचो. संध्याकाळी आप्पा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे मासे कोरायचे, लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरून, चाकू डाव्या हातात. आमटीला नावं ठेवायला लागले. मला इंग्रजीचे मार्क विचारले. मी आईला म्हटलं, "बघ, तू उगीच घाबरत हुतीस." आई भाकरी थापत होती. ती न थांबता म्हणाली, "बोलाय लागला म्हनून फसू नगं. ठरवल्यालं मानूस बी असंच मोकळं बोलतंय."

त्या बोलण्याचा मला राग आला. घरात जरा कुठं हसणं परत आलं होतं आणि ही बाई अशुभ बोलत होती. पण तेव्हापासून मीही बघायला लागले, आणि एकदा बघायला लागलं की मग सगळंच तसं दिसतं. आप्पांच्या डोक्यात एक खूळ होतं. त्यांना असा मासा करायचा होता की जो थांबवला की तरंगणार नाही आणि बुडणारही नाही, पाण्याच्या मध्येच राहील. शिसं वितळवून पोटात थेंब थेंब घालायचे, मागच्या हौदात सोडून बघायचे, वर आला की आणखी थेंब, खाली गेला की खरवडून काढायचं. एका दुपारी तो जमला. पांढरा, लाल डोक्याचा मासा हौदाच्या पाण्यात मधोमध उभा होता. आप्पा हौदाच्या कडेवर हनुवटी टेकून त्याच्याकडं बघत होते. आई धुणं घेऊन आली, थांबली, तरी त्यांना पत्ता नाही. "काय बघताय वो?" तिनं विचारलं.

"थांबलाय बग," आप्पा म्हणाले. "किती निवांत."

"ब्याड," आई म्हणाली. नको. तिनं हौदात हात घालून तो मासा काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

हिप्परग्याच्या तळ्याविषयी एक सांगायचं राहिलं. त्याच्या दोन वर्षं आधीच्या दुष्काळात ते तळं आटलं होतं. नळाला पाणी नाही, टँकरला भांडणं, म्हणून माणसांनी तळ्याच्या तळातच झिरे खणले. आमच्या ओळीतल्या पुरुषांनी मिळून एक खणला, खणणाऱ्यांत आप्पा पुढं, तेव्हा हात धड होते. गाळात दोन पुरुष खोल खड्डा, तळाशी वाटी वाटीनं पाझरणारं पाणी. मी आणि आई घागरी घेऊन तिथं बसायचो. एकदा कुणाची तरी शेळी त्यात घसरली. बाजू गाळाच्या, पाय लावला की ढासळणाऱ्या. शेळी वर चढायला बघायची तशी माती तिच्याच अंगावर यायची. वर निघाली ती मेलेलीच. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "ह्यात पडलेलं वर येत न्हाई." पुढं तळं भरलं आणि ते सगळे खड्डे पाण्याखाली गेले. कुणी बुजवले नाहीत. आमचा झिरा कुठं आहे हे मला आणि आप्पांना दोघांनाही माहीत होतं. तिथून मागं वळून बघितलं की काठावरचा एकटा लिंब बांधावरच्या देवळाच्या कळसावर बरोबर येतो. घागरी घेऊन रोज तीच खूण बघत आम्ही ये-जा केली होती.

पावसाळा संपून थंडी पडली तसे आप्पा सुटीच्या दिवशी तळ्यावर जायला लागले. आईनं मला बरोबर धाडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मामाला सांग की, त्याला पवता येतं. मला येत न्हाई."

"म्हनूनच तुला धाडती," आई म्हणाली. "पवता येनारं मानूस नगं मला तितं. तू हायीस ते बरं हाय." मला तेव्हा वाटलं, घाबरून हिचं डोकं फिरलंय. ती काय करत होती हे मला माझ्या पोटी मूल झाल्यावर कळलं, आणि कळलं त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला. आज तो राग नाही. तिच्याकडं नवऱ्याला काठावर बांधून ठेवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं मला बांधलं.

पहिल्या एकदोन खेपांना काही झालं नाही. मी काठावर पुस्तक उघडून बसायची आणि एक ओळही वाचायची नाही. आप्पा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फेकायचे. डाव्या हातात काठी, मनगटाला हिसका, हिसका, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्या चिमटीत रिळाची मूठ. एकदा चांगली दंडाएवढी मरळ मिळाली. घरी येऊन आईनं तिचं झणझणीत कालवण केलं. आप्पांनी डोकं मला वाढलं, जे ते कधी कुणाला देत नसत. मी खुशीत खाल्लं. आईनं त्या दिवशी मासा तोंडात घातला नाही.

त्या रविवारी निघतानाच काहीतरी वेगळं होतं. आई भाकरी बांधत होती तर आप्पा म्हणाले, "भाकरी नगं, लवकर यिऊ." सायकलला मासे घालायची गोणपाटाची पिशवी नव्हती. मी म्हटलं, "आप्पा, पिशवी?" तर म्हणाले, "असू दे." आईनं हे ऐकलं. तिनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली, आणि सोडला. मी कॅरिअरवर बसले. तुळजापूर रस्त्याला थंड वारा होता आणि आप्पा शीळ घालत होते. शीळ घालताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तळ्यावर कुणी नव्हतं. लांब पलीकडच्या काठाला म्हशी बसल्या होत्या. आप्पांनी घड्याळ काढून माझ्याकडं दिलं, ते नेहमी देत, मग खिशातला रेल्वेचा पासही दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात, तीन बोटांचा. अपघातानंतर त्यांनी त्या हातानं मला शिवलं नव्हतं. मग काठी घेऊन पाण्यात गेले. गुडघे, कंबर, आणि कंबरेपाशी थांबले नाहीत. सरळ न जाता ते डावीकडून वळसा घेऊन गेले आणि छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले, पाठ माझ्याकडं. पांढरा मासा फेकला. हिसका, हिसका. मग थांबले.

मी वाट बघत राहिले. थांबायचं असतं हे मला माहीत होतं. पण काठी पुन्हा हलेना. पाण्यावरची वलयं विरून गेली, दोरा सैल पडून तरंगायला लागला, आणि आप्पा तसेच उभे. मी हाक मारली. "आप्पा." मोठ्यानं मारली. पाण्यावरून आवाज चांगला जातो, पलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या, पण आप्पांनी वळून बघितलं नाही. ते एक पाऊल मागं सरकले, कुणीतरी हळू मागं ओढावं तसे. पाणी खांद्यावर आलं. मला हौदातला तो मासा आठवला नाही, आईही आठवली नाही. मला एवढंच वाटलं की आता हाक मारून उपयोग नाही, जवळ जायला पाहिजे. घड्याळ आणि पास मुठीत तसाच धरून मी पाण्यात शिरले. वळसा वगैरे माझ्या डोक्यात नव्हता. मी त्यांच्या दिशेनं सरळ निघाले.

परकर पायात गुंडाळत होता. गाळ घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. पाणी छातीला लागलं तेव्हा श्वास अडकला आणि माझ्या तोंडून रडल्यासारखा आवाज आला असावा. आप्पा वळले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, चिडलेला, आणि मग एकदम पांढराफटक.

"हलू नगं," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "सुमे, हाय तितंच हुबी ऱ्हा. मागं बग. लिंब कुटं हाय?"

मी मान वळवली. लिंब देवळाच्या कळसावर येऊन बसला होता, बरोबर, काडीचाही फरक नाही. माझ्या पुढच्या पायाखालचा गाळ सरकत होता. आमच्यामध्ये तो झिरा होता. आप्पा त्याच्या पलीकडच्या काठावर पाठमोरे उभे होते आणि मागं सरकत होते, आणि मी अलीकडच्या काठावर.

त्यांनी काठी टाकली. त्या रिळाला रोज तेल घालणाऱ्या माणसानं ती बाजूला ठेवली नाही, नुसती सोडून दिली, आणि ती पाण्यात उभीच्या उभी गेली. ते वळसा घेऊन पाणी कापत आले. येईपर्यंत बोलत होते, सारखं बोलत होते, पूर्वीसारखं. "बघ माज्याकडं. खाली बगू नगं. पाय उचलू नगं. आलो की. आलो." मागून त्यांनी माझा दंड धरला, त्याच हातानं, आणि मला ओढून काढलं. काठावर आम्ही दोघं गुडघ्यांवर पडलो. त्यांनी मला एक थोबाडीत मारली, आयुष्यातली एकच, आणि मग माझं डोकं छातीशी धरून बसले. त्यांचं काळीज इतकं धडधडत होतं की माझ्या कानाला ते दुखत होतं. मला फार राग आला होता आणि मी त्यांना सोडत नव्हते. घड्याळ बंद पडलं होतं, पासचा लगदा झाला होता. परत येताना आप्पा सायकलवर बसले नाहीत, मला वर बसवून हँडल धरून चालत आले.

आई दारात उभी होती. आमच्या ओल्या कपड्यांकडं तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं, सायकलीकडं बघितलं. काठी कुठं आहे असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "कुनी कुनाला आनलं?"

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, ते काहीतरी थाप मारतील, त्यांना थापा छान जमायच्या. आप्पा खाली बघत म्हणाले, "हिनं. मी येत न्हवतो."

आई उंबऱ्यावर बसली. बोटं गेली तेव्हा ती रडली नव्हती, दवाखान्यात नाही, बँडेज सोडताना नाही. आता ती मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, कानडीत काहीबाही बोलत रडायला लागली. आप्पा तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गप्प बस म्हणाले नाहीत. ओळीतल्या बायका हातातली कामं टाकून धावत आल्या, कोण गेलं म्हणून. पलीकडच्या गंगूमावशीनं विचारलं, "काय झालं वो भावजी? का रडतिया ही?"

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. "काठी बुडाली माजी तळ्यात. त्येच्यासाठी रडतिया."

गंगूमावशी आईच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "अगं, काठीसाठी येवढं? जाऊ दे की. मानूस आला न्हवं घरला." आई पदरात तोंड घालून मान हलवत राहिली, व्हय, व्हय, आणि तिचं रडणं काही थांबेना.